मोरी, माळा आणि मधली भिंत

आमचं घर लंडनच्या उत्तर भागातल्या एका गल्लीत आहे. इथे अशा घराला टेरेस्ड हाउस म्हणतात. पुण्याच्या जाऊबाईंना पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, गच्चीचं घर घेतलं. गच्ची कुठली! आपल्याकडे ज्याला रो हाउस म्हणतात तेच हे. एका रांगेत भिंतीला भिंत लावून बांधलेली घरं, पुढे दोन पावलांचं अंगण, मागे लांबट बाग आणि बागेमागे बोळ. आम्ही १९९४ साली घेतलं तेव्हा लेक चार वर्षांची होती.

२०२१च्या अखेरीस तीच लेक, जावई आणि दोन नातवंडं भाड्याच्या घरात राहत होती आणि घरमालकानं त्यांना जागा सोडायला सांगितली होती. इकडे यांच्या गुडघ्यांना जिना झेपेना. वरच्या खोल्यांत आम्ही आठवड्यातून एकदा केर काढायला जायचो. तेव्हा जेवणाच्या टेबलावरच ठरलं की घराचे दोन फ्लॅट करायचे. खाली आम्ही, वर लेक. दार वेगळं, चूल वेगळी, पण हाक मारली तर ऐकू यावी इतक्या जवळ.

एकत्रच राहायचं ना, मग परवानगी कशाला, असं भारतातल्या सगळ्यांनी विचारलं. एकच घर म्हणून राहिलो असतो तर लागली नसती. पण जावयाला स्वतःच्या नावावर घर हवं होतं, त्यावर कर्ज हवं होतं, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. इथला १९९०चा नगररचना कायदा स्पष्ट आहे. एका कुटुंबाचं घर दोन स्वतंत्र घरं म्हणून वापरायला घेतलं की तो वापरातला बदल, मग एक वीटसुद्धा हलवली नसली तरी. त्याला प्लॅनिंग परमिशन हवीच.

एका ओळखीच्यांनी हळूच सांगितलं, "कशाला विचारता? करून टाका. चार वर्षं कुणी बोललं नाही की आपोआप कायदेशीर होतं." तेव्हा तसा नियम होता खरा. (एप्रिल २०२४पासून इंग्लंडमध्ये तो गेला, आता दहा वर्षं.) पण चार वर्षं शेजाऱ्यांपासून लपवत राहायचं आणि लेकीनं चोरासारखं वर राहायचं, हे मला जमणारं नव्हतं. आम्ही रीतसर अर्ज केला. फेब्रुवारी २०२२मध्ये, ४६२ पौंड फी भरून. एक घर वाढणार म्हणून एका घराची फी.

आर्किटेक्टनं नकाशे काढले. खालचा फ्लॅट ६३ चौरस मीटर, दोन झोपायच्या खोल्या, बागेला लागून. वरचा ८४ चौरस मीटर: पहिला मजला ५६ आणि त्यावरचा माळा २८. माळ्यावर आम्ही पूर्वीच खोली काढलेली होती. इथे किती माणसांच्या घराला किती जागा हवी हे ठरलेलं आहे. दोन खोल्या, तीन माणसं, एकच मजला तर ६१ चौरस मीटर. तीन खोल्या, चार माणसं, दोन मजले तर ८४. आमचे दोन्ही आकडे काठावर बसत होते. मला वाटलं, झालं काम.

अर्ज दाखल झाला की कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, आजूबाजूच्या घरांना पत्रं पाठवते. हरकत घ्यायला २१ दिवस. निर्णयाला आठ आठवडे. या २१ दिवसांत आमच्या विरोधात सात पत्रं गेली आणि बाजूनं दोन. पत्रं कुणालाही वाचता येतात, लिहिणाऱ्याच्या नावासकट.

समोरच्या घरातल्या गृहस्थांनी लिहिलं होतं की हे लोक नफ्यासाठी रस्त्याची वाट लावायला निघाले आहेत, घरांच्या किमती पडतील. ते वाचून हे इतके दुखावले की दोन दिवस नीट जेवले नाहीत. अठ्ठावीस वर्षं आम्ही या गल्लीत. बर्फ पडला की हे आधी समोरच्यांचं अंगण साफ करायचे, मग आपलं. पण आर्किटेक्ट म्हणाले की हे पत्र मनाला लावून घेऊ नका, घरांची किंमत आणि कुणाचा नफा हे मुद्दे कौन्सिल मोजतच नाही. ते मोजतं आवाज, उजेड, पार्किंग, जागा, एकमेकांच्या घरात डोकावणं, रस्त्याचं रूप. मी विचारलं, मग आम्ही हे लेकीसाठी करतोय, यांचे गुडघे असे आहेत, हे लिहू या ना? ते म्हणाले, लिहा, पण त्याचा उपयोग नाही. परवानगी जमिनीबरोबर चालते. तुम्ही उद्या घर विकलं तर ती घेणाऱ्याची. म्हणून कोण राहणार हे कुणी विचारत नाही, कुणीही राहिलं तर चालेल का एवढंच बघतात.

समोरच्यांच्या हरकतीला जे उत्तर, तेच माझ्या कारणालाही. हे समजायला मला बराच वेळ लागला आणि पटायला त्याहून जास्त.

सातांतलं एक पत्र मात्र डाव्या हाताच्या शेजारीणबाईंचं होतं. वय तेव्हा ८१. त्यांनी आमच्या लेकीला इंग्रजी वाचायला शिकवलं होतं. दिवाळीच्या करंज्यांचा डबा आमच्याकडून जायचा आणि रिकामा कधीच यायचा नाही. त्यांचं पत्र चारच ओळींचं. वरच्या फ्लॅटची बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर माझ्या झोपायच्या खोलीला लागून येतं, मला झोप कमी आहे, कृपया विचार व्हावा. नफ्याबद्दल, आमच्याबद्दल एक शब्द नाही. मला त्या पत्राचा सगळ्यांत जास्त राग आला. आपल्या माणसानं समोर येऊन बोलायचं सोडून सरकारला लिहावं? मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. त्या वर्षी करंज्या गेल्या नाहीत.

मे महिन्यात नकार आला. तीन कारणं. एक, आमचं मूळ घर लहान आहे. आमच्या कौन्सिलचं धोरण असं की मूळ क्षेत्रफळ १२० चौरस मीटरपेक्षा कमी असेल तर घर विभागू द्यायचं नाही, नाहीतर लहान कुटुंबांना परवडणारी घरं संपतील. दोन, वरच्या फ्लॅटची रचना वाईट: माळ्याचं छत बुटकं आणि बैठक शेजारच्यांच्या झोपायच्या खोलीला चिकटून. तीन, पार्किंगचा ताण.

पहिल्या कारणानं मी चक्रावले. आमच्या मोजणीत घर १२४ चौरस मीटर होतं, त्यांच्या मोजणीत ११२. मधले १२ गेले कुठे? ते होते स्वयंपाकघराच्या मागच्या एकमजली खोलीचे. या जुन्या घरांना मागे धुण्याभांड्यांची एक खोली असायची. आपल्या भाषेत सांगायचं तर मोरी. कौन्सिलचं म्हणणं, ही मोरी नंतर कुणीतरी जोडली. आणि 'मूळ' घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी जसं उभं होतं तसं. ही तारीख साऱ्या देशाला लागू आहे, कारण त्या दिवशी इथला युद्धानंतरचा नगररचना कायदा अमलात आला.

म्हणजे आमचं सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं: १ जुलै १९४८ला ही मोरी होती का?

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुने सर्वेक्षण नकाशे सगळ्यांसाठी संगणकावर खुले ठेवले आहेत, लंडनचेसुद्धा. रात्री जागून मी आमच्या गल्लीचा युद्धाआधीचा नकाशा शोधला. प्रत्येक घरामागे एक शेपटी दिसत होती, आमच्याही. पण ती मोरी की कोळशाची शेड, हे नकाशा सांगेना, आणि कौन्सिलनंही ते मानलं नाही. मग कुणीतरी सुचवलं की स्थानिक अभिलेखागारात जा. त्या काळी घरं बांधताना सांडपाण्याच्या नळांचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागायचा आणि असे पुष्कळ आराखडे अजून जपलेले आहेत.

मी तीन वेळा गेले. पहिल्या खेपेला चुकीची गल्ली, दुसऱ्या खेपेला रस्त्याची पलीकडची बाजू. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाईंनी कापडावर चिकटवलेली एक लांब गुंडाळी पांढऱ्या उश्यांवर उलगडली आणि कडा साखळीच्या वजनांनी दाबल्या. १९०५ सालचा आराखडा. लाल शाईत नळ, काळ्या शाईत भिंती, आणि प्रत्येक घरामागे सुबक अक्षरांत त्या खोलीचं नाव आणि त्यापुढे छोटा चौकोन, संडासाचा. आमच्या घराची मोरी, तिची लांबी-रुंदी फूट-इंचांत लिहिलेली. मी पेन्सिलीनं आकडे उतरवून घेतले आणि बाहेर बाकावर बसून गुणाकार केला. बारा चौरस मीटरला थोडे वरच. ज्या खोलीत मी अठ्ठावीस वर्षं वॉशिंग मशीन लावलं, तिचं एवढं मोल असेल असं कधी वाटलं नव्हतं.

नकारानंतर अपील करायला सहा महिने असतात. अपील कौन्सिलकडे नसतं, ब्रिस्टलला असलेल्या प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे असतं, आणि त्याला फी नाही. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली: अपिलाचा हक्क फक्त अर्जदाराला. आम्हाला परवानगी मिळाली असती तर शेजारीणबाईंना अपील करता आलं नसतं. त्यांच्यापुढे सहा आठवड्यांत हायकोर्टात जाण्याचाच मार्ग उरला असता, आणि तो कुठल्या ८१ वर्षांच्या बाईला परवडणार? त्यांना बोलायची जी एकच संधी होती ती म्हणजे ते २१ दिवस, आणि त्या चार ओळी. तेव्हा मला ते दिसलं नाही. कागदोपत्री वाचलं आणि पान उलटलं.

आम्ही अपील केलं. त्यात पार्किंगच्या मुद्द्यासाठी पाहणी करून घेतली. त्याची ठरलेली रीत आहे. दोन आडवारच्या रात्री, साडेबारा ते पहाटे साडेपाच या वेळात, घरापासून २०० मीटर चालण्याच्या अंतरात किती गाड्या उभ्या आणि किती जागा रिकाम्या हे माणूस चालत मोजतो. सगळे घरी असतात ती वेळ. आमच्या गल्लीत ताण होताच, त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. उपाय एकच, वरच्या फ्लॅटला पार्किंगचा परवानाच मिळणार नाही असं कायदेशीर हमीपत्र देणं. म्हणजे लेकीला गाडी ठेवता येणार नाही. जावई दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "आई, लिहून द्या."

मार्च २०२३मध्ये इन्स्पेक्टर आले. ही भेट मला विसरता येणार नाही. आधीच बजावलेलं असतं की दार उघडा, खोल्या दाखवा, बाजू मांडू नका. जे सांगायचं ते कागदावर आलेलं असतं. मी चहा विचारला, त्यांनी नम्रपणे नको म्हटलं. मोरीत उभं राहून त्यांनी विटांचे सांधे बघितले, बाहेर जाऊन मूळ भिंतीशी ते जुळतात का बघितलं. माळ्यावर टेप लावला. आमच्याकडे ते वीस मिनिटं होते. मग निघाले आणि शेजारीणबाईंच्या दारावर थाप मारली. त्यांनी विनंती केली होती की माझ्या बाजूनंही बघा. मी खिडकीत उभी राहून त्या दाराकडे बघत होते. ते बाहेर आले तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती.

निकाल पाच आठवड्यांनी आला. अपील फेटाळलं.

पण मी तो पाचपानी निकाल पुन्हा पुन्हा वाचला. मोरी मूळ घराचीच, हे त्यांनी मान्य केलं होतं. १९०५चा आराखडा आणि विटांचे सांधे, दोन्हींचा उल्लेख होता. हमीपत्रामुळे पार्किंगचा मुद्दाही मिटला होता. अडलं ते दुसऱ्या कारणावर. लंडनच्या विकास आराखड्यानुसार घराच्या किमान ७५ टक्के भागात छत अडीच मीटर उंच हवं. ८४पैकी माळ्याचे २८ बुटके. उरले ५६, म्हणजे दोन तृतीयांश. सरळ गणित होतं, आमच्या आर्किटेक्टच्या हातून निसटलेलं. आणि दुसरं, एकाच वाक्यात: दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत वापरातल्या खोल्या शेजारणीच्या पलंगाच्या उशाला लागून येतात, मधे जुनी एकेरी विटेची भिंत, यानं त्यांच्या राहण्याला त्रास होईल.

पलंगाच्या उशाला. हे इन्स्पेक्टरांना एका भेटीत दिसलं, आणि मला अठ्ठावीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी मी गेले. डबा घेऊन नाही, रिकाम्या हातानं, कारण डबा नेणं मला त्या दिवशी लाच दिल्यासारखं वाटलं. त्यांनी दार उघडलं आणि काही न बोलता बाजूला झाल्या. मी म्हटलं, "तुमची वरची खोली बघू का?" इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी जिना कधी चढलेच नव्हते. आमच्या घराचीच आरशातली प्रतिमा, पण खोली किती लहान वाटली. एका भिंतीत शेकोटी, दुसरीकडे खिडकी, तिसरीकडे दार. पलंग ठेवायला एकच भिंत उरते, आमची. त्या म्हणाल्या, "ते आजारी होते तेव्हा रात्री तुमच्याकडून तुमच्या सासूबाईंच्या जपाचा आवाज यायचा. त्याचा मला कधी त्रास झाला नाही. पण टीव्ही आणि भांडी मला सोसणार नाहीत." त्यांचे यजमान याच खोलीत गेले होते, २००९ साली. तेव्हा मी खाली बैठकीत बसून आले होते.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू अर्ज मागे घेतला असतास. मला तुझी लेक इथे यायला हवी होती. मला खोली बदलून हवी होती." मला काय बोलावं सुचलं नाही. आम्ही दोघी पलंगाच्या काठावर बराच वेळ बसून राहिलो.

पुढचा नकाशा मी आर्किटेक्टच्या शेजारी बसून काढून घेतला. पुढची खोली झोपायची केली, म्हणजे त्यांच्या झोपायच्या खोलीला आमची झोपायची खोली लागते. बैठक आणि स्वयंपाकघर मागच्या निमुळत्या भागात नेलं. तिथली भिंत उजव्या हाताच्या घराच्या बाथरूमला लागते. माळ्याचे उतरत्या छताचे कोपरे सोडून दिले, १८ चौरस मीटर ठेवले. आता वरचा फ्लॅट ७४, त्यात ५६ पूर्ण उंचीचे, म्हणजे ७५ टक्क्यांच्या किंचित वर. तीन खोल्यांच्या दोन झाल्या. नातवंडांना वेगळ्या खोल्या मिळणार नाहीत, हे लेकीला सांगताना माझा जीव तुटला. ती म्हणाली, "आई, गावाला आम्ही पाच चुलत भावंडं एका खोलीत झोपायचो की."

नकारानंतर बारा महिन्यांत तशाच स्वरूपाचा सुधारित अर्ज एकदा बिनफी करता यायचा. (ही सवलत डिसेंबर २०२३मध्ये बंद झाली, आता दुसऱ्या खेपेलाही पैसे भरावे लागतात.) आम्ही त्या सवलतीत बसलो. या वेळी विरोधात तीन पत्रं आली, त्यात समोरच्या गृहस्थांचं होतंच. शेजारीणबाईंनीही लिहिलं. पुन्हा चार ओळी. नव्या रचनेला हरकत नाही, मात्र मधल्या भिंतीला आवाज रोखणारं अस्तर लावण्याची अट घालावी. इतकं नेमकं पत्र मी त्या सगळ्या फाइलीत दुसरं पाहिलं नाही. ऑगस्ट २०२३मध्ये परवानगी आली. तीन वर्षांत काम सुरू करायचं, सायकली आणि कचऱ्याचे डबे कुठे ठेवणार ते दाखवायचं, मागच्या बोळातून वरच्यांना बागेत यायला फाटक करायचं, आणि भिंतीला अस्तर.

बांधकामाबद्दल फार लिहीत नाही. धूळ, उशीर, वाढलेला खर्च, ते सगळीकडे सारखंच. गल्लीतल्या सगळ्यांना मी कामाच्या वेळा लिहून आधीच चिठ्ठ्या टाकल्या. समोरच्यांनाही. ते अजून आमच्याशी बोलत नाहीत. यांनी त्यांचं अंगण साफ करणं सोडलेलं नाही.

शेवटी आवाजाची चाचणी असते, त्याशिवाय इमारत खात्याचा दाखला मिळत नाही. एका खोलीत मोठा भोंगा लावतात, पलीकडच्या खोलीत मायक्रोफोन. जुन्या घरातून केलेल्या फ्लॅटच्या भिंतीनं किमान ४३ डेसिबल अडवायला हवेत. शेजारीणबाईंनी आपली खोली उघडून दिली आणि मला म्हणाल्या, तू इथेच थांब. चाचणीवाल्या मुलानं मायक्रोफोन उभा केला आणि तो आमच्याकडे गेला. भोंगा सुरू झाला. पलंगाच्या उशाशी आम्ही दोघी उभ्या. लांबून कुठेतरी नळ वाहत असावा इतपतच काहीतरी ऐकू येत होतं.

मुलगा परत आला, यंत्रावर बघून म्हणाला, "बावन्न."

त्यांनी मला विचारलं, "हे चांगलं का?"

मी म्हटलं, "चांगलं."

"मग तिला सांग, शनिवारी या म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि उशीवरची चादर सरळ करायला लागल्या.